जुने शिलाई मशीन : काय दुरुस्त करावे आणि काय तसेच ठेवावे

या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये जुन्या, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या शिलाई मशीनविषयीचे प्रश्न बरेच आहेत. त्यांतील एक सविस्तर पत्र प्रथम घेतले आहे, कारण इतरांच्या पुष्कळशा शंका त्याच्या उत्तरात येऊन जातात. राहिलेले प्रश्न त्यानंतर घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पणजीच्या वेळचे, हाताने फिरवायचे शिलाई मशीन आहे. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी असून ती बरीचशी शाबूत आहे. मशीन अनेक वर्षे दमट खोलीत पडून होते. आता चाक तसूभरही हलत नाही, चकचकीत भागांवर गंज चढला आहे आणि रंग निस्तेज झाला आहे. एक कारागीर सगळे सुटे करून, घासून, नव्याने काळा रंग मारून द्यायला तयार आहेत. तसे करावे का?

उत्तर : कृपया ते रंगवायला देऊ नका. आपण अडकलेले चाक, गंज आणि निस्तेज रंग अशा तीन तक्रारी लिहिल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन बहुतेक वेळा दूर होतात. चाक मोकळे करता येते, गंज उतरवता येतो आणि अगदीच गेलेला भाग त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनमधून काढून बसवता येतो. मूळ रंग मात्र एकदा घासून काढला की तो कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून रंगाला सर्वांत आधी जपावे आणि बाकीची दुरुस्ती त्याला धक्का न लावता करावी.

हा रंग आजच्या डब्यातल्या रंगासारखा नसतो. अस्फाल्ट, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा काळा लेप बिडावर थरावर थर देऊन भट्टीत भाजला जात असे. ही पद्धत जपानिंग या नावाने ओळखली जाते. त्या लेपावर छापील सोनेरी नक्षी उतरवली जाई आणि नक्षीच्या रक्षणासाठी वरून पारदर्शक वार्निशचा, बहुतेकदा चपड्याचा म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, पातळ थर दिला जाई. खालचा भाजलेला लेप चांगलाच टणक असतो, पण सगळ्यात वरचा चपड्याचा थर फार नाजूक असतो आणि नक्षी टिकून असते ती त्याच्याच आधाराने. चपडा मद्यार्कात विरघळतो. त्यामुळे स्पिरिट, हात निर्जंतुक करण्याचे द्रव किंवा काच पुसण्याची द्रावणे मशीनच्या जवळही आणू नयेत. साबणाचे पाणीसुद्धा टाळलेले बरे, कारण रंगाला जिथे तडे गेले आहेत तिथून पाणी आत शिरते, वार्निश पांढुरके पडते आणि खालचे बीड गंजू लागते. पॉलिश पेपर किंवा भांडी घासण्याची पूड वापरली, तर सोनेरी झाक निघून नक्षी आधी रुपेरी दिसू लागते आणि नंतर पुसूनच जाते.

सफाईला शिलाई मशीनचे रंगहीन, पातळ तेल पुरेसे आहे. मशीनच्या मागच्या बाजूला, तळाशी, सहज नजरेत न येणाऱ्या जागी आधी प्रयोग करून पाहावा. कापसाचा बोळा तेलात भिजवून तो भाग ओला करावा, रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी मऊ सुती फडक्याने हलकेच टिपावा. फडक्यावर तपकिरी डाग उठला तर तो जुन्या तेलाचा आणि धुळीचा मळ आहे, काम बिनघोर पुढे न्यावे. डाग काळा दिसला तर लेप सुटू लागला आहे आणि सोनेरी कण दिसले तर नक्षी निघू लागली आहे असे समजून त्या जागी तिथेच थांबावे. नक्षीवर फडका घासू नये, नुसता टेकवून उचलावा. या रीतीला वेळ लागतो, पण पुष्कळ मशीनांचा निस्तेजपणा हा केवळ मळाचा असतो आणि तो निघाल्यावर खालची मूळ झळाळी पाहून नवा रंग देण्याचा विचार आपोआप मागे पडतो. जिथे टवका उडून बीड उघडे पडले आहे तिथला गंज तेलाने टिपून घ्यावा आणि नंतर मेणाच्या पॉलिशचा हलका हात द्यावा.

आता चाकाकडे वळू. चाक हलत नाही म्हणजे यंत्र आतून गंजून एकजीव झाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. सुईखालच्या ज्या खोबणीतून शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन धरणारा भाग, जाते तिथे जुन्या दोऱ्याचे वेटोळे घट्ट बसलेले असते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच सगळे यंत्र अडते. सुई, दाबपाऊल आणि शटल काढून, सुईजवळची सरकती पट्टी उघडून विजेरीच्या उजेडात तिथे नीट पाहावे. दोरा दिसला तर तो ओढू नये, बारीक कात्रीने कापून चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढावा.

दोरा नसेल तर दोष बहुधा सुकलेल्या तेलाचा असतो. जुने तेल हवेने घट्ट होत जाते आणि शेवटी त्याचा कडक पापुद्रा बनतो. कोणी वनस्पतिजन्य तेल घातले असेल तर ही क्रिया फारच लवकर होते. अशा वेळी जोर लावून काही साधत नाही, उलट हाताच्या मुठीचा दांडा किंवा तिच्या दंतचक्राचा दाता मोडतो. मशीनवर जिथे जिथे तेलाचे भोक आहे आणि जिथे एक भाग दुसऱ्यावर फिरतो किंवा सरकतो, तिथे रॉकेलचा एकेक थेंब सोडावा. रंगावर ओघळ आला तर लगेच टिपावा. मग मूठ न धरता चाकच तळहाताने पुढे-मागे अगदी हलके डोलवून पाहावे. रोज थोडे रॉकेल आणि थोडे डोलवणे हा क्रम धीराने चालू ठेवावा. चाक केसभर हलू लागले की अर्धे काम झाले. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिल्यानेही सुकलेले तेल सैल पडते, पण रॉकेल पूर्ण उडून गेल्याशिवाय ती मुळीच देऊ नये आणि रॉकेलचे सगळे काम खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर करावे.

एवढे करूनही चाक अडूनच राहिले तर नेमके कुठे अडते ते शोधावे. चाकाच्या मध्यभागी जो गोल स्क्रू असतो तो सैल केला की चाक आतल्या दांड्यापासून सुटे होते. चाक एकटे फिरू लागले तर अडचण पुढे, म्हणजे वरच्या दांड्यात, सुईच्या दांडीत किंवा खालच्या जोडण्यांत आहे. सुईच्या दांडीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. मशीन बंद पडले तेव्हा दांडीचा जेवढा भाग तिच्या नळीबाहेर खाली उघडा राहिला होता, तेवढ्यावरच गंजाचे कडे चढलेले असते. यंत्र मोकळे होताच आपण आनंदाने चाक फिरवतो, दांडी वर जाते आणि गंजाचे ते खरखरीत कण नळीत ओढले जाऊन नळीला आतून कायमचे ओरखडे पडतात. म्हणून चाक पूर्ण फिरवण्यापूर्वी दांडीचा उघडा भाग तेल आणि अतिबारीक लोखंडी लोकर यांनी गुळगुळीत करून, फडक्याने कोरडा पुसून घ्यावा.

मुलामा दिलेल्या किंवा चकचकीत पोलादी भागांवरचा वरवरचा गंज याच लोकरीने तेलासह निघतो. सुटे काढता येणारे, रंग नसलेले पोलादी भाग लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून केलेल्या द्रावणात ठेवता येतात. मात्र दर थोड्या वेळाने बाहेर काढून पाहावे आणि गंज सुटताच भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, धुऊन, लगेच वाळवून तेल लावावे. ओला भाग तसाच राहिला तर डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा पडतो. स्प्रिंगा या द्रावणात कधीच टाकू नयेत, कारण आम्लामुळे कडक पोलाद ठिसूळ होते. निकेलचा मुलामा जिथे फुगून सुटला आहे तिथे तो परत येणार नाही. तेवढी जागा स्वच्छ करून तेलाने राखावी आणि ती वयाची खूण म्हणून मान्य करावी.

सुटे करताना प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू ज्या भोकातला असेल त्याची चिठ्ठी लावून तो वेगळा ठेवावा. त्या काळच्या कारखान्यांनी स्वतःच्या मापाचे आटे पाडलेले असत, त्यामुळे हरवलेल्या स्क्रूऐवजी बाजारातला नवा स्क्रू सहसा बसत नाही आणि जबरदस्तीने बसवला तर भोकाचे आटे जातात. पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेच्या रुंदीला आणि जाडीला तंतोतंत जुळणारे असावे. सैल पात्याने खाच चेपली की साधा स्क्रूही संकट होऊन बसतो. चाक परत बसवताना मधली तीन पाकळ्यांची चकती ज्या दिशेने निघाली त्याच दिशेने बसवावी. उलटी बसली तर बॉबिन भरताना चाक सुटे होत नाही, आणि हा दोष यंत्रात शोधत बसण्यापेक्षा चकती अर्धा फेरा फिरवून पाहणे सोपे असते.

सगळे मोकळे झाल्यावर रॉकेल धुऊन निघेल इतके मशीनचे तेल घालावे आणि दोरा न ओवता यंत्र सावकाश चालवावे. सांध्यांतून तपकिरी तेल बाहेर येईल, ते पुसून पुन्हा नवे घालावे. तेल रंगहीन येऊ लागेपर्यंत हे करावे. हा टप्पा टाळू नये, कारण रॉकेल वंगण नाही आणि ते आत राहिलेल्या यंत्राची झीज फार लवकर होते.

प्रश्न : हलवाहलवीत आमचे जुने मशीन पडले. बैठकीचा एक कोपरा तुटून वेगळा झाला आणि उभ्या खांबाच्या मुळाशी एक बारीक रेघ दिसते. वेल्डिंग करून घ्यावे का?

उत्तर : तुटलेला कोपरा आणि खांबाची रेघ यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो आणि करड्या बिडात त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण आघाताने वाकत नाही, थेट तुटते. त्याचे वेल्डिंग करायचे तर निकेलची सळई वापरून, आधी तापवून आणि नंतर अगदी हळूहळू थंड करत करावे लागते, नाहीतर सांध्याशेजारी नवा तडा जातो. पितळी झाळ बिडाला अधिक मानवते, पण तिलाही लागणाऱ्या उष्णतेत आजूबाजूचा भाजलेला लेप आणि नक्षी जळून जाते. त्यामुळे रंग चांगला असलेल्या मशीनवर या दोन्ही उपायांची शिफारस मी करणार नाही.

कोपऱ्यावर यंत्राचा फारसा भार नसतो. बिडाचा तुकडा ज्या रेषेत तुटतो त्या रेषेत पुन्हा बिनचूक बसतो, अट एवढीच की तुटलेल्या कडा कानशीने घासलेल्या नसाव्यात. कडांवरचे तेल पूर्ण काढून, पोलादाची भुकटी मिसळलेल्या दोन भागांच्या इपॉक्सीने तुकडा चिकटवावा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत शिकंज्यात धरून ठेवावा. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने पोलादाची छोटी पट्टी इपॉक्सीनेच बसवली तर सांधा पुष्कळ बळकट होतो. मशीन उचलताना मात्र तो कोपरा धरू नये.

खांबाची रेघ हा गंभीर प्रश्न आहे. प्रथम तो तडा आहे की लेपाचे नुसते फाटणे आहे हे ठरवावे. मशीन उलटे करून खांबाच्या खालचा, रंग नसलेला भाग पाहावा. तिथे रॉकेल चोळून, काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाकावे आणि वर खडूची भुकटी भुरभुरावी. बीड खरोखर फाटले असेल तर फटीत शिरलेले रॉकेल खडूत शोषले जाऊन गडद रेघ उमटते. रेघ उमटली नाही तर तडा निदान आरपार गेलेला नाही, आणि मशीन हाताने सावकाश चालवून त्यावर लक्ष ठेवता येईल. रेघ उमटली तर खांब आणि बैठक यांची परस्परांशी असलेली नेमकी जागा बिघडलेली असू शकते, आणि त्या जागेवरच सुई व तिचा दोरा खालून पकडणारे हुक यांची भेट अवलंबून असते. अशा वेळी इपॉक्सीने सांधून शिवणकाम करू नये. पुष्कळ बनावटींत खांब बैठकीला खालून बोल्टने जोडलेला असतो. आपल्या मशीनची रचना तशी असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनचा चांगला खांब मिळवून बसवणे शक्य आहे, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तसे जमले नाही तर मशीन चालते करण्याचा आग्रह सोडून ते जपून ठेवण्याची वस्तू म्हणून सांभाळणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्न : मशीनवर १८०० सालाच्या आसपासच्या पेटंटच्या तारखा कोरलेल्या आहेत. मशीन तितके जुने आहे का?

उत्तर : तारखा पुन्हा एकदा भिंगाने वाचाव्यात, कारण इतक्या जुन्या काळी चालू कामाचे शिलाई मशीन बाजारात नव्हते. बार्तेलेमी तिमोनिए यांचे फ्रेंच पेटंट १८३० सालचे, एलियास हाउ यांचे दोन दोऱ्यांच्या टाक्याचे अमेरिकन पेटंट १८४६ सालचे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१ सालचे आहे. शिवाय पेटंटची तारीख म्हणजे उत्पादनाची तारीख नव्हे. मशीन त्यांतल्या शेवटच्या तारखेनंतरचे आहे एवढेच तिच्यावरून सांगता येते. खरी माहिती बैठकीवर ठोकलेल्या अनुक्रमांकावरून मिळते. मशीन सिंगरचे असेल आणि क्रमांकाआधी अक्षर नसेल तर ते साधारणपणे १९०० पूर्वीचे, एक अक्षर असेल तर त्यानंतरचे आणि दोन अक्षरे असतील तर १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे समजावे. ही मशीन लाखोंच्या संख्येने बनली, त्यामुळे नुसत्या वयावरून ती दुर्मिळ ठरत नाहीत. नक्षी, मूळ पेटी आणि जोडीची सुटी पाऊले शाबूत असणे जास्त मोलाचे असते.

प्रश्न : मशीन स्वच्छ करून, तेल घालून चालू केले. चाक सुरेख फिरते, पण टाके सुटतात आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडतात. हुकाची जुळणी बिघडली असावी असे सांगतात. ती कशी करावी?

उत्तर : हुकाच्या जुळणीला इतक्यात हात लावू नये. घट्ट बसलेल्या स्क्रूंची जुळणी पडून राहण्याने आपोआप बदलत नाही. कोणी मध्ये ती सोडली नसेल तर ती अजूनही कारखान्यात केली तशीच असण्याचा संभव फार मोठा आहे. आपण दोन वेगळे दोष लिहिले आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

टाके सुटण्याचे पहिले कारण सुई असते. जुन्या मशीनांपैकी पुष्कळांना आजची साधी घरगुती सुई, म्हणजे १५×१ किंवा १३०/७०५ या क्रमांकाने मिळणारी, चालते. पण फार जुन्या काही बनावटींना स्वतःची, वेगळ्या लांबीची सुई लागते. लांबी थोडी कमी-जास्त झाली तरी हुकाचे टोक दोऱ्याच्या फाशाऐवजी मोकळ्या जागेतून जाते. म्हणून आपल्या बनावटीच्या माहितीपुस्तिकेत सुईचा क्रमांक आधी पाहावा आणि नवी सुई घ्यावी. सुईला एका बाजूने लांब खोबण असते. दोरा नेहमी त्याच बाजूने ओवायचा असतो आणि सुईची चपटी बाजू तिच्या विरुद्ध येते. काही मशीनांत दोरा डावीकडून, काहींत उजवीकडून जातो, आणि सवयीने चुकीच्या बाजूने बसवलेली सुई हे टाके न पडण्याचे फार नेहमीचे कारण आहे.

खाली फासे पडणे हा वरच्या दोऱ्याच्या ताणाचा दोष आहे, बॉबिनचा नव्हे. ताणाच्या दोन चकत्यांमध्ये जुना दोरा, धूळ किंवा गंजाचा कण अडकला की त्या पूर्ण मिटत नाहीत आणि दोरा सैलच सुटतो. दाबपाऊल वर करून, मऊ कापडाची पातळ पट्टी चकत्यांमधून पुढे-मागे फिरवावी. कापड मळके निघाले तर ते स्वच्छ निघेपर्यंत हेच करावे. तरीही फरक पडला नाही तर चकत्या काढून त्यांचे आतले पृष्ठभाग बोटाने चाचपावेत, गंजाने खरखरीत झाले असतील तर ते लोकरीने गुळगुळीत करावेत. दोरा ओवताना दाबपाऊल वर असावे, म्हणजे तो चकत्यांच्या मधोमध बसतो. त्यानंतर सुईखालची पट्टी काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली पाहावे. तिथे कापसाच्या धुळीचा दाबून बसलेला थर हमखास सापडतो आणि तो निघाला की टाक्याची लांबीही सारखी येऊ लागते.

हे सगळे करूनही टाके सुटलेच तर जुळणी तपासावी, तीही प्रथम केवळ पाहून. योग्य सुई बसवून, चाक हाताने आपल्याकडे फिरवत सुई सगळ्यात खाली न्यावी आणि तिथून सुमारे अडीच मिलिमीटर वर येऊ द्यावी. त्या क्षणी हुकाचे टोक सुईच्या मागे, नाकाच्या किंचित वर पोहोचलेले दिसले पाहिजे. ते नाकाच्या खाली किंवा बरेच वर दिसत असेल तर सुईची दांडी तिच्या जागेवरून सरकलेली असू शकते, आणि तेव्हा ती दांडी जाणकाराला दाखवून बसवून घ्यावी. बोटीच्या आकाराच्या शटलची, लांबट बॉबिनची जुनी मशीन असतील तर त्यांना हे माप लागू होत नाही. त्यांच्यात शटलच्या टोकावर ओरखडा किंवा काटा आहे का ते नखाने चाचपून पाहावे, कारण तेवढ्या काट्यातही दोरा अडकतो.

प्रश्न : आमच्या जुन्या मशीनला मूळची विजेची मोटर आणि दिवा आहे. लावून पाहावे का?

उत्तर : नाही, निदान वायरी तपासून घेतल्याशिवाय नाही. त्या काळच्या वायरींवर रबराचे किंवा कापडात गुंडाळलेल्या रबराचे आवरण असे. ते वर्षांनुवर्षांनी कडक होते, वाकवले की तुकडे पडतात आणि आतली तार उघडी पडते. मशीनचे अंग धातूचे असल्याने अशी तार त्याला टेकली तर चालवणाऱ्याला थेट धक्का बसतो. मशीनचा प्लग कोणत्याही बोर्डात न लावता वायर प्लगपासून मोटर, दिवा आणि पायाच्या कळीपर्यंत पाहावी आणि विजेच्या कामाच्या जाणकाराकडून वायरी नव्या घालून घ्याव्यात. मूळ मोटर, दिव्याची टोपी आणि कळ टाकून देऊ नयेत, त्यांच्यात नवी वायर घालता येते. तोपर्यंत मोटरचा पट्टा काढून, चाक हाताने फिरवून यंत्राची बाकी सगळी तपासणी करता येईल. मोटरच्या आत मशीनचे तेल मात्र सोडू नये. तिच्या बेअरिंगला पुस्तिकेत सांगितलेले वंगणच, सांगितले असेल तेवढेच, द्यावे.